पुरुषाचं पाऊल

"खा, खा! साहेबांना दाखवून खा," अल्हाजी मलूम हसत म्हणाला. बिंतूने वाळूत नुकतंच ओतलेलं हिरवं शेवाळ बोटावर घेतलं आणि तोंडात घातलं.

यागानाला सुनेच्या वाढलेल्या पोटाकडे बघवेना.

टेकाडावर अल्हाजीची भट्टी होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत, आणि धुतल्याचं पाणी ओघळत या खाऱ्या तळ्यात येई. तळ्याच्या पाण्यावर हे शेवाळ धरायचं, त्याला दिहे म्हणत. बायकांनी ते पहाटे काढायचं, वाळूवर सुकवायचं, वड्या कापायच्या. या कानेम मुलखात दिह्याच्या रश्शाशिवाय बाजरीचा गोळा घशाखाली उतरत नाही, आणि गरोदर बाईला तर त्याचे डोहाळेच लागतात.

राजधानीतून पाणी तपासायला आलेल्या आशे नावाच्या बाईने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की हे शेवाळ पाण्यातलं शिसं स्वतः पिऊन घेतं. त्याला वाढू द्या, काढा, पण खाऊ नका. सिमेंटच्या खड्ड्यात टाका. काही वर्षांत तळं निवळेल. खड्डा बांधूनही झाला. तळ्याची राखण यागानाकडे होती, काढणीत पहिलं घमेलं तिचं असे, म्हणून तिने बायकांना समजावलं, रागावून पाहिलं, एकदा तर रडलीसुद्धा. पण रंग तोच होता, वास तोच होता. खड्डा कोरडाच राहिला.

"बघितलंत ना साहेब?" अल्हाजी तळ्याच्या पाहणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे वळला. "विष असतं तर हिने आपल्या सुनेला खाऊ दिलं असतं? काय मावशी, खोटं बोलतोय का मी?"

बायका खुदखुदल्या. अधिकारी मान डोलवत जीपकडे निघाला.

यागानाने घमेलं खाली ठेवलं. लांब बाभळीखाली पुरुष बसले होते. काढणीच्या वेळी त्यांनी तिथून पुढे यायचं नसे. पुरुषाचं पाऊल पाण्यात पडलं की तळं वांझ होतं, त्यातलं दिहे तोंडात घालायचं नसतं, हे इथल्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं.

"बुकारचे बाबा!" तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे या."

"इथूनच बोल की," म्हातारा कियारी ओरडला. "कान शाबूत आहेत माझे."

"बोलायचं नाहीये. पाण्यात उतरायचंय."

बायकांचं हसू थांबलं. अधिकारीही थांबला.

कियारी काठापर्यंत आला, पण पुढे येईना. "डोकं फिरलं का तुझं?" तो हळूच म्हणाला. "माझी आई या तळ्याची राखण करत मेली. तिच्यामागे तू करतेस. लोक तुला परत इथे उभी करतील का?"

"नाही करणार."

"मग?"

"मग होणाऱ्या नातवंडाचं तोंड बघा, आणि उतरा."

कियारीने तिच्याकडे बघितलं. मग झग्याचा घोळ वर खोचला आणि तो गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

एकच आकांत झाला. कुणी घमेली टाकली, कुणी वाळूतलं दिहे पायाने उधळलं. एका म्हातारीने छाती पिटून घेतली. "मारलंस गं! जितंजागतं तळं मारलंस!" बिंतू तोंडात बोटं घालून थुंकत होती, ओढणीने जीभ पुसत होती. यागाना तिच्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत सून पहिल्यांदाच दिहे थुंकत होती.

"हा काय तमाशा?" अल्हाजी खेकसला. "साहेब, या अडाणी बायका..."

"आता खायला लाव की कुणाला!" यागाना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "लाव! साहेब बघतायत."

अल्हाजीने बायकांकडे बघितलं. एकही पुढे आली नाही. अधिकाऱ्याने जीपमधून रिकामी बाटली काढली आणि ती पाण्यात बुडवायला तो काठाशी वाकला.

यागाना मागे वळली. कियारी अजून तसाच उभा होता, मान खाली घालून, आणि त्याच्या पायांभोवती दिहे दाट, हिरवंगार तरंगत होतं.

तिने आपलं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"नुसते उभे काय राहिलात? भरा आणि खड्ड्यात ओता. आणि बाभळीखाली बसलेल्या त्या सगळ्यांनाही बोलवा."