कडुनिंबाखालची डॉक्टरीण

तानुबाईच्या गोठ्यात लागोपाठ गाई गाभडून अपुऱ्या दिवसांची वासरं पडली, तेव्हापासून डॉक्टर दिपमाला त्या रोगाच्या जंतूंचा माग काढत दोंडाईच्याहून गावात यायची. गुरांचं रक्त तपासायची, कालवडींना लस टोचायची आणि बायांना दटावायची. व्यालेल्या गाईचा जार उघड्या हाताने उचलला म्हणून तानुबाईने तिची बोलणी खाल्ली होती. पोटुशी सून गोठ्यात दिसली, तेव्हा तर दिपमालाने सुनेला दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

आज लस टोचलेली चांदी दिवस भरून व्याली. वासरू धडपडत उभं राहिलं आणि तानुबाईचा नवरा चुडामण गावभर गूळ वाटत सुटला. दिपमाला मात्र लांब कडुनिंबाखाली उभी. एरवी सगळ्यांच्या आधी हातमोजे चढवणारी बाई आज जागची हलेना. सगळे इथे आणि डॉक्टरीण तेवढी तिथे का, हे तानुबाईच्या जिवाला लागलं.

“ताई, या दिनसाठे तूच एवढी राबनी ना? मग बठ्ठा आठे शेतस, नि तू तठे काब्र?”

“मला इथूनच दिसतंय, अक्का,” म्हणत दिपमाला उगीचच ओढणी सावरू लागली.

तानुबाई फणकाऱ्याने काही बोलणार, तोच तिची नजर त्या ओढणीवर गेली. तिने आपले हातमोजे उतरवले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि घरातून नारळ अन् ओंजळभर गहू घेऊन ती थेट कडुनिंबाखाली गेली.

“पसर ती ओढणी, माय,” ती हसत म्हणाली, “नि सांग, कितवा महिना शे?”