पाहुणीचा हार

“हार एकच आनलास व्हय?” चर्चचे पंच शलमोनकाका दारातूनच ओरडले.

“पाव्हनी एकच हाय, मंग हार किती आनू?” एस्तेरनं शेवंतीचा हार ओल्या फडक्यात गुंडाळला.

“बरोबर. घरच्याला कुटं हार घालत्यात? आन ऐक, इंग्रजीचं तूच बघायचं.”

“मला येस-नोच्या फुडं काय येतंय, काका?”

ओसरीवरचे सगळे हसले. सुप्यात ही थट्टा जुनीच होती आणि एस्तेरला तिचा कधी राग आला नव्हता. आज मात्र तिचं हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

पाहुणी स्वीडनहून येत होती. एंजेला तिचं नाव. एस्तेरच्या आईची, हन्नाबाईची, पोटची लेक. तरुणपणी हन्नाबाईला क्षयानं गाठलं, नवरा आधीच गेलेला. ती दवाखान्यात पडून असताना सासरच्यांनी तान्ही पोर अनाथाश्रमात नेऊन दिली. बरी होऊन बाई धावत गेली, तोवर पोर दत्तक जाऊन समुद्रापार पोचली होती. पुढं त्याच दवाखान्यात हन्नाबाई आया झाली. तिथं लांबच्या मुलखातून एकटीच आलेली एक बाळंतीण दगावली. तिच्या बाळाला न्यायला कुणी फिरकलं नाही, तेव्हा हन्नाबाईनंच ते उचलून घरी आणलं. तीच एस्तेर.

हे कुणी कधी लपवलं नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मायलेकींकडं आळीपाळीनं पाहिलं, तेव्हा हन्नाबाईनं ठणकावलं होतं, “माझीच हाय. लिवा.”

पण आता पोटची येत होती. एंजेलानं आश्रमातून पत्ता काढून फोन केल्यापासून म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्यासाठी नवी गोधडी, तिच्यासाठी शेंगदाण्याची पोळी. एकदा ती घरात आली की घरची कोण आणि पाहुणी कोण? एस्तेर पन्नाशीला टेकलेली, मुलासाठी स्थळं बघणारी बाई. तरी लहान पोरीसारखी ती मनातून भ्याली होती.

तिचा मुलगा नोहा एमआयडीसीत कामाला होता. त्यानं मित्राची गाडी आणली आणि दोघं फाट्यावर गेले. ऊन एस्तेरला लहानपणापासून सोसत नसे. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला.

पुण्याच्या एसटीतून एंजेला उतरली आणि एस्तेर बघतच राहिली. आईच उतरली जणू! तेच नाक, तीच हनुवटी, चालताना खांदा तसाच पुढं. हा तोंडवळा आपल्याला मिळावा म्हणून एस्तेर लहानपणी आरशापुढं किती वेळ उभी राहायची!

एंजेलाही तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं बॅग खाली टाकली आणि घट्ट मिठी मारली.

गाडी चालवता चालवता नोहा दोघींचं बोलणं इकडचं तिकडं सांगत होता. “आई, मावशी म्हणतेय, तिकडं तिला जन्मभर सगळे विचारतात, तू मूळची कुठली? तुला कुणी विचारतं का?”

“तर! नगरच्या बाजारात गेलं की पह्यलं त्येच. मी सुप्याची म्हनलं की म्हनत्यात, न्हाई, खरं सांगा.”

नोहानं ते सांगितल्यावर एंजेला इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. “सेम! सेम!” हे मात्र एस्तेरला दुभाष्याशिवाय कळलं. तीही हसली.

घरापुढं मंडप होता, आणि शलमोनकाकांनी हौसेनं नगरहून बँजो पार्टी बोलावली होती. तिचा मास्तर बिभीषण पाथर्डीकडचा, इथं कुणाला ओळखत नव्हता. काकांनी हार त्याच्या हातात दिला होता. “स्वीडनची पाव्हनी उतरली की घाल गळ्यात.”

गाडी थांबली. दोघी उतरल्या. बँजो दणाणला. बिभीषण ऐटीत पुढं झाला, “वेलकम, मॅडम!” म्हणाला आणि त्यानं हार घातला तो एस्तेरच्या गळ्यात.

एस्तेर जागच्या जागी थिजली. ज्याला ती मनात भ्याली होती तेच असं चारचौघांत, वाजतगाजत झालं होतं. घरच्याला कुठं हार घालतात?

“बंद कर ते!” हन्नाबाई काठी टेकत दारातून आली. बँजो थांबला. म्हातारीनं एस्तेरच्या गळ्यातला हार ओढून काढला. “माझ्या लेकीला हार? ती काय पाव्हनी हाय? ह्या घरातच वाढली ती!”

मग ती हार घेऊन एंजेलाकडं वळली. हन्नाबाईनं एंजेलाच्या गालावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. “आन हिलाबी न्हाई. यायला उशीर झाला म्हनून पोर पाव्हनी हुती का?”

तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि हार सरळ बिभीषणच्या गळ्यात घातला. “घे बाबा. आज हितं पाव्हना तूच!”

मंडप खदखदून हसला. हन्नाबाईनं एका हातानं एकीला, दुसऱ्या हातानं दुसरीला जवळ ओढलं. एस्तेर रडत होती, हसत होती, आणि इतक्या सुखात ती कधीच नव्हती. डोक्यावरचा पदर कधी घसरला तेही तिला कळलं नाही.

बिभीषण मात्र गळ्यातला हार चाचपत उभाच होता. त्यानं एस्तेरच्या निळ्या डोळ्यांकडं पाहिलं, तिच्या लालगोऱ्या गालांकडं आणि सोनेरी केसांकडं पाहिलं. मग हन्नाबाईसारख्याच सावळ्या एंजेलाकडं वळून तो हळूच म्हणाला, “ताई, ह्या मॅडमला जरा इंग्लिशमदी सॉरी सांगा की.”