उशीर माफ

"उशीर माफ. अपील दाखल करून घ्या," जजसाहेब म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तेच! मुदत उलटलेलं अपील त्यांनी कधी परत पाठवलं नाही. वकील त्यांना पाठीमागे 'माफीसाहेब' म्हणायचे. त्याआधी आमदार असताना त्यांनी भांडून-तंडून कायदाच करून घेतला होता, की वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला नको. लोक म्हणायचे, देवमाणूस. कसला देवमाणूस! त्यांचं मनच त्यांना खात होतं.

गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. साहेब तेव्हा साधे वकील. गोदामाला आग लावली, त्यात पहारेकरी मेला, म्हणून एका हमालाला जन्मठेप झाली होती. पण अपिलात दम होता. त्याचा शेजारी आता शपथेवर सांगत होता, की आग लागली तेव्हा घराच्या भिंतीपलीकडून हमालाचा आवाज येत होता.

अपिलाचा शेवटचा दिवस आणि साहेबांचा उमेदवारी अर्ज भरायचा दिवस नेमका एकच. सही केलेलं अपील टेबलावर ठेवून ते मिरवणुकीला निघाले. हमालाची बायको बाहेर बाकावर होती. "आलोच हं," तिला म्हणाले.

परत आले तर कागद गायब. प्रचाराच्या पत्रकांबरोबर गेले असणार, दुसरं काय? तोवर कोर्ट बंद झालं होतं. उशीर माफ करा, असा अर्ज करता आला असता. पण त्यात स्वतःची चूक लिहून द्यावी लागली असती, आणि निवडणूक तर तोंडावर!

"अपील फेटाळलं," काही दिवसांनी त्यांनी तिला धडधडीत खोटं सांगितलं.

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि वाकड्या कोपराचा हात पोटाशी धरून निघून गेली. बिचारीचा केवढा विश्वास, असं त्यांना वाटलं. हमाल सहाव्या वर्षी तुरुंगातच वारला.

निरोपाची भाषणं अर्ध्यावर सोडून साहेब त्या दुपारी तिच्या घरी गेले. ती शिलाई मशीनवर बसली होती. केस पांढरे झाले होते, पण तब्येत खुटखुटीत.

"अगंबाई, वकीलसाहेब! या ना, बसा."

त्यांना बसवेना. "ताई, मी तुमचा गुन्हेगार आहे. अपील फेटाळलं नव्हतं, ते गेलंच नाही. माझ्या हातून कागद हरवले आणि मी ते लपवलं. तुमचा नवरा निर्दोष होता हो! तो घरीच होता, मला ठाऊक होतं. शिव्या द्या, काहीही बोला, पण गप्प बसू नका."

मशीन थांबलं. तिने उठून दार लोटलं आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"घरीच होता तो," ती म्हणाली. "मला मारत होता."

साहेबांनी पेला तसाच खाली ठेवला.

"आणि तुमच्या हातून काही हरवलं नव्हतं, साहेब. तुमची पाठ वळली आणि ते कागद मीच उचलले."