आधी हसणारे अप्पा

दहा वर्षं गणपतीच्या मांडवांत वडिलांच्या तोतरेपणाची नक्कल करून विलासनं अख्खी हुबळी हसवली. अप्पा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसायचे, म्हणजे लोकांचा संकोच सुटायचा. ही व्यवस्था विलासचीच. त्याच नकलेवर त्याला सिनेमात गंभीर भूमिका मिळाली. पहिल्या खेळाला बापलेक थिएटरच्या अंधारात शेजारी बसले. पडद्यावरचा तोतरा विलास मेलेल्या लेकीला हाक मारू पाहत होता. नाव पुरं होईना. कोणीच हसेना. पोरगं आपटणार, या धास्तीनं अप्पा मोठ्यांदा हसले. मागून एक बाई कडाडल्या, “काय हो अण्णा, बिचाऱ्याला बोलता येईना अन् तुम्ही हसताय? घरात कोणी असं असतं म्हणजे कळलं असतं!” “चु-चु-चुकलं, अक्का,” अप्पा म्हणाले. “वर आणि नक्कल करताय?” अप्पांनी विलासकडे पाहिलं. विलास वाकून बुटाची न सुटलेली नाडी बांधत राहिला.