आधीच झाकलेले आरसे

सून स्टुलावर चढून शेवटच्या आरशावर चादर टाकत होती. "वर नीट खोच," खालून तिचा नवरा म्हणाला आणि परत रडायला लागला.

सासरा अजून गेलेला नव्हता. सलूनमधल्या खुर्च्या बाजूला सारून टाकलेल्या खाटेवर तो डोळे मिटून पडला होता. आतल्या खोलीत भेटायला येणाऱ्यांना उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून त्याला इथे हलवलं होतं. घरात माणूस गेलं की आरसे झाकायचे, नाहीतर जीव काचेत अडकतो, असं त्या घरात सगळेच मानत. पण माणूस जायच्या आधीच? सुनेचं उत्तर तयार होतं. "मागाहून रडारडीत राहून जातं. आणि इथे काय एकच आरसा आहे? भिंत भरलीय!" बाई फाटक्या तोंडाची, पण कामाला वाघ. म्हातारी नवऱ्याच्या उशाशी बसून होती.

लेक मात्र हळवा. बाप अंथरुणाला खिळल्यापासून त्याच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं. सलूनच्या जागेला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. पण जागा बापाच्या नावावर, आणि बापाचं एकच पालुपद, "मी आहे तोवर इथे कात्रीच चालणार." लेकाने कधी आवाज चढवला नाही. गिऱ्हाईकाला तेवढं थांबवून ठेवलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. बराच वेळ नाडी धरून बसले आणि चक्क हसले.

"म्हातारबुवा चिवट आहेत. निभावलं यातून. पण हृदय फार नाजूक झालंय. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, सहन व्हायचं नाही त्यांना."

म्हातारीने औषधाची चिठ्ठी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. 'मी जाते' असं कुणी म्हणायच्या आत ती दुकानाकडे निघालीसुद्धा. मागोमाग डॉक्टरही गेले. सून भिंतीला टेकून हसत-रडत उभी राहिली. आनंदाच्या भरात चादरी काढायचं काही तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि म्हाताऱ्याने डोळे उघडले. लेकाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच थिजली. त्याने उशाशी हात चाचपला. तिथे कुणीच नव्हतं.

"आरसे का झाकलेत?" त्याचा आवाज कसाबसा फुटला. "ही कुठंय? माझ्या आधी मेली का रे ती?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्यासाठीच झाकलेत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, सांगा ना त्यांना. आत्ता येतील त्या."

म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं नाही. तो लेकाच्या तोंडाकडे बघत होता. लेक खाटेवर टेकला. त्याने बापाचा हात हातात घेतला. डोळे तर त्याचे भरलेलेच होते.

"हो बाबा," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच प्राण गेला आईचा."

मग तो उठला आणि त्याने रस्त्याकडच्या दाराला आतून कडी घातली.