ओट्यावरचं पातेलं

तिसरा पावही फुगला नाही. सूनबाईने तो ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवला, तेव्हा ठक्कन आवाज झाला. पहिला पाव तिच्या नवऱ्याने दाराला अटकाव म्हणून लावला होता. ते दार त्यानंतर हललं नव्हतं.

नवरा कामाला होता तो कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालू लागल्यापासून घरात सगळ्यालाच कात्री लागली होती. बेकरीचा पाव बंद, हीटर बंद. पाव घरीच करायला शिकायचं ठरलं, पण त्या गारठ्यात कणीक तरी कशाच्या जोरावर फुगणार? सासरेबुवांनी तर स्वतःलाच कात्री लावायचं ठरवलं. एक तारखेला लेकीकडे राहायला जातो, इथलं एक तोंड कमी होईल, असं त्यांनी जाहीर केलं आणि बॅग भरून पलंगाखाली ठेवली. लेकीचं घर मोठं होतं. जावई त्यांच्याशी फक्त हवेबद्दल बोलत असे.

घरात उबेची जागा एकच उरली होती, ती म्हणजे सासरेबुवांची रजई. सूनबाईने कणकेचं झाकलेलं पातेलं सरळ त्यांच्या पायाशी सरकवलं आणि लाथ मारायची नाही, एवढं बजावलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्या घरात सगळेच शिकले होते. सासरेबुवा आता पातेलं पाहून पसरू लागले. दुपारी त्यांनी आतून हाक मारली, "सूनबाई, झाकण वर आलंय."

त्या दिवशी पाव झाला. थोडा तिरका, पण पावच. एरवी पोट भरलं म्हणून उठणारे सासरेबुवा त्या दिवशी दुसरा तुकडा मागून घेते झाले. त्यांना फार बरं वाटत होतं.

मग रोज पातेलं रजईत जाऊ लागलं. बॅगेतून आधी मफलर बाहेर आला, मग चपला, मग दाढीचं सामान. एक तारीख आली आणि गेली.

पुढे उन्हं तापू लागली. जेवताना नवरा म्हणाला, आता कणीक ओट्यावर ठेवली तरी फुगेल, बाबांना उगीच कशाला त्रास. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात सहसा काही नसे. सासरेबुवांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि ते उठले. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"उद्या करूनच बघू," ती खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक पातेलं बाबांकडे, एक ओट्यावर."

दुसऱ्या दिवशी रजईतली कणीक टम्म फुगली. शेजारी सासरेबुवा घामाने निथळत बसले होते. ओट्यावरची कणीक मात्र ऐन उकाड्यात बसली ती बसलीच. सासरेबुवांनी दोन्ही पातेल्यांत बोट खुपसून पाहिलं.

"ओट्याला जमायचं नाही ते," त्यांनी मुलाला सांगितलं. मग बॅग रिकामी केली आणि त्यालाच ती माळ्यावर टाकायला लावली.

त्या घरात मूठभर पीठही वाया जात नसे. सूनबाईने न फुगलेल्या कणकेचाही पाव भाजला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. तो निमूटपणे चावत होता. चावता चावता थांबला. बाबा खोलीत गेलेत ना, हे त्याने वळून पाहिलं.

"यात यीस्ट घातलंच नव्हतंस ना?" त्याने हळूच विचारलं.

"महाग झालंय ते," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.