वायर न लावलेली गिटार

अंकिताच्या इलेक्ट्रिक गिटारवर, तारा जिथे खाली अडकवतात त्या ब्रिजजवळ, दणदणीत आवाजाचा हंबकर होता, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा जाडजूड पिकअप. त्याच्या जोडीचे एकेरी वेटोळ्याचे, सिंगल कॉइल पिकअप त्याच्यापुढे अगदीच मिळमिळीत वाजायचे. सांगलीच्या दुकानात तीन महिने हेलपाटे घातले, चार जोड्या बसवून पाहिल्या, काढल्या, तेव्हा कुठे तिला हवी ती जोडी सापडली. आवाज नितळ, तरी हंबकरच्या तोडीचा. म्हसवडच्या कार्यक्रमात तो लोकांना पहिल्यांदाच ऐकू येणार होता.

स्टेजवर ती गिटारला स्पीकरची वायर लावायला वाकली, तोच ऑर्केस्ट्राचे मालक मदनशेठ म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. सगळं रेकॉर्डिंगवर हाय. तू नुसती बोटं हलीव."

"आवं शेठ, पण मी एवढी तयारी करून आलीया!"

"मग हसत हलीव. लोकं तुला बघाय आल्यात."

अंकिताला त्यांची शिसारी आली. पण पडदा उघडला होता. तिनं बोटं हलवली.

गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे आबा काठी टेकत उठले. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, लय ग्वाड वाजीवलंस गं!"

अंकितानं हसून हात जोडले, आणि तिला स्वतःचीच किळस आली.